चावी जागेवर आहे

मुलगी : सर, एक विचारू? आग लागली की ज्या मागच्या जिन्यानं बाहेर पडायचं असं तुम्ही शिकवता, त्या जिन्यानं तुम्ही स्वतः कधी बाहेर पडलाय का?

बाबा : कोण ते? विचारायचं असेल तर उभं राहून विचारा.

मुलगी : उभीच आहे, सर. उंचीच तेवढी आहे.

बाबा : तू होय!

मुलगी : हो, सर. नववी ब, हजेरी क्रमांक एकतीस.

बाबा : हसू नका रे. प्रश्न काही वाईट नाही. तर ऐका. शर्टांचा हा कारखाना. खालचे दोन मजले मालाचं गोदाम, वर तिसऱ्यावर शिलाई. एकशे चाळीस माणसं, त्यात बायकाच जास्त. उतरायला दोन जिने, पुढचा आणि मागचा. दर सहा महिन्यांनी मी सराव घेतो आणि तीन मिनिटांत माणसं खाली मैदानात असतात. तीन मिनिटांत! आता या पुढच्या तक्त्याकडे बघा...

मुलगी : ती पुढच्या जिन्यानं उतरतात, सर. मी मागच्याचं विचारलं.

बाबा : मागचाही आहे की. वेळ आली तर वापरायला.

मुलगी : आहे हो. पण तुम्ही वापरलाय का?

बाबा : एकतीस नंबर, खाली बस.

मुलगी : म्हणजे नाही.

बाबा : कोण म्हणतं नाही? मॅनेजरसाहेब, तुम्ही मुलांना कॅन्टीनकडे घेऊन चला. बाई, तुमच्या या विद्यार्थिनीला जरा माझ्या ताब्यात द्या. तिच्या शंकेचं मुळासकट निरसन करतो. चल गं. मागच्या जिन्यानं उतरायचं, इमारतीला वळसा घालायचा आणि कॅन्टीनच्या दारात या सगळ्यांच्या स्वागताला आपण हजर.

मुलगी : धावायचं की चालायचं, सर?

बाबा : चालायचं! मघापासून काय भिंतीशी बोलत होतो मी?

(मागचा जिना. तिसऱ्या मजल्याचं जड दार दोघांच्या पाठीमागे आपोआप लागतं.)

मुलगी : बाबा, रागावलात?

बाबा : कामावर मी सर.

मुलगी : इथं कोण ऐकतंय? एक कोळी आहे जाळ्यात. तो नववी ब चा नाही.

बाबा : चार पोरांसमोर बापाची शोभा करायला कुणी शिकवलं तुला?

मुलगी : चार नाही, बेचाळीस. आणि शोभा कुठं केली? पैज होती. शेवटच्या बाकावरच्या तिघी म्हणाल्या, तू तर बाबांची लाडकी, तुझ्या तोंडून हा प्रश्न निघायचाच नाही. निघाला तर वर्षभर खिडकीजवळची जागा तुझी.

बाबा : म्हणजे खिडकीसाठी बाप विकलास.

मुलगी : वारा छान येतो तिथं.

बाबा : गेल्या वर्षीपर्यंत पाहुणे आले की कपाटाआड लपायचीस. तुझी आई म्हणायची, पोरीला तोंड कधी फुटणार? आता फुटलंय, तर झाकण कुठं मिळेल ते शोधतोय मी.

मुलगी : आईच्या समोरून आलो, पण तिनं मान वर केली नाही.

बाबा : काज करताना मान वर केली तर काज वाकडं जातं. उतर. पायाखाली बघ.

मुलगी : पाय दिसले तर पायाखाली बघू ना! नुसती खोकी आहेत. हा जिना आहे की अडगळीची खोली?

बाबा : रिकामी आहेत. सार बाजूला.

मुलगी : "जिन्यात काडीसुद्धा ठेवायची नाही." हे छडी आपटून कोण सांगत होतं मघाशी?

बाबा : मी सांगतो, ते उचलतात. माझी पाठ वळली की पुन्हा ठेवतात. त्यांना तरी जागा कुठं आहे?

मुलगी : आणि ही बघा, एकच चप्पल. एका पायानं कोण पळालं इथून?

बाबा : तुझी जीभ थोडी बाजूला ठेवलीस तर पाय भरभर पडतील. हं, आता हे शेवटचं वळण. आलं.

मुलगी : पोचलो! किती मिनिटं झाली? बाबा... दाराला साखळी आहे. आणि कुलूप.

बाबा : माहीत आहे मला.

मुलगी : माहीत आहे? कुलूप आहे हे माहीत आहे?

बाबा : ओरडू नकोस. दोन वर्षांपूर्वी या दारानं शर्टांचे गठ्ठे चोरीला गेले. मालकांनी साखळी घातली. मी म्हणालो, साहेब, आगीचं दार असं बांधून ठेवता येत नाही. ते म्हणाले, मग तूच सांग काय करायचं. मी रात्रभर डोकं खाजवलं आणि ही पेटी काढली. ही बघ. लाल पेटी, पुढं काच, आत चावी. आग लागली, काच फोडली, चावी घेतली, दार उघडलं. चोरही आत येत नाही आणि माणूसही अडकत नाही. मालकांनी पाठ थोपटली होती माझी.

मुलगी : तुमच्या डोक्यातून निघाली ही?

बाबा : मग? दर महिन्याच्या एक तारखेला तपासतो मी. वरच्या दाराला स्टूल लावतो, त्या वळणापर्यंत येतो, तिथून पेटी दिसते. चावी जागेवर आहे का? आहे. तक्त्यावर बरोबरची खूण.

मुलगी : वळणापर्यंतच? इथपर्यंत नाही?

बाबा : दिसते ना तिथून. लाल रंग कशाला दिलाय मग? बरं, काच फोडायची हातोडी इथं टांगलेली असायची. गेली कुठं?

मुलगी : लाल दांड्याची, छोटी?

बाबा : हो.

मुलगी : ती आपल्या घरी आहे. आई तिनंच खिळे ठोकते. तुम्हीच आणलीत ना, कॅलेंडर लावायला.

बाबा : ...मागे सरक. बुटानं फोडतो. तोंड फिरव तिकडं.

मुलगी : बाबा! बोटातून रक्त येतंय.

बाबा : खरचटलंय. ही घे, ही तुझी शंका आणि ही तिची चावी. आता बघ. दहा सेकंद.

मुलगी : मोजू? एक... दोन... तीन... चार...

बाबा : मोजू नकोस.

मुलगी : जात नाहीये का?

बाबा : जाते. फिरत नाही. गंज असेल.

मुलगी : उलटी घालून बघा.

बाबा : उलटी जातच नाही.

मुलगी : द्या इकडं. बाबा, या कुलपावर काय कोरलंय वाचा. सत्तावीस. आणि चावीवर? एकोणीस. कुलूप कसं चकचकतंय बघा, आणि चावी तपकिरी पडलीये. ही या कुलपाची नाहीच.

बाबा : असं कसं होईल?

मुलगी : कुणी कुलूप बदललं का?

बाबा : नाही... थांब. मागच्या उन्हाळ्यात फाटकाला रंग दिला. तेव्हा रखवालदार म्हणाला, सगळी कुलपं गंजलीत. नवीन मागवली. कुलपं, चार नग. मागणीच्या कागदावर माझीच सही आहे.

मुलगी : आणि नव्या चाव्या?

बाबा : त्याच्या जुडग्यात. फाटकावर.

मुलगी : मग पेटीत कुणी ठेवली नाही?

बाबा : पेटीत चावी होती की. रिकामी असती तर लक्षात आलं असतं माझ्या. रिकामी नव्हती ना! तक्त्यावर विचारलंय, चावी जागेवर आहे का? ती जागेवरच होती.

मुलगी : बाबा, बसू नका तिथं, काचा आहेत.

बाबा : चौदा महिने.

मुलगी : काय?

बाबा : चौदा वेळा खूण केली मी.

मुलगी : बरं, असू दे. आता वर जाऊ. दार वाजवू. कुणीतरी उघडेल. उठा ना बाबा. फोन काढा.

बाबा : फोन फाटकावर जमा करावा लागतो. मलाही. आणि गोदामात दुपारच्या सुट्टीनंतरच कुणी फिरकतं, म्हणून त्या दोन दारांवर धडका मारून उपयोग नाही. चल, वरच्याच दाराशी.

मुलगी : इकडून कडीच नाहीये याला!

बाबा : नसतेच. आगीतून निघालेला माणूस वस्तू आणायला परत आत जाऊ नये म्हणून हे दार फक्त तिकडून उघडतं. ते मात्र नियमानं आहे.

मुलगी : एवढी एकच गोष्ट नियमानं आहे आणि तीच नडली. बाबा, कान झाका. मी ओरडते. वर्गात मला भोंगा म्हणतात. उघडाऽऽ! कुणी आहे काऽऽ! दार उघडाऽऽ!

बाबा : पलीकडं शंभर मशिनी चालल्यात. तुझा भोंगा त्यांच्यापुढं मच्छर.

मुलगी : मग खरा भोंगा? आगीचा?

बाबा : त्याची वायर काढून ठेवलीये. मागं दोनदा उगाच वाजला, बायका उठून पळाल्या, दिवसाचा माल कमी पडला.

मुलगी : म्हणजे भोंगा वाजल्यावर माणसं पळाली, म्हणून भोंगा काढला?

बाबा : तू असं वाक्य केलंस की ते तसं वाटतं.

मुलगी : दुसरं कसं वाक्य करू? सांगा, तसं करते. आईऽऽ! अगं आईऽऽ!

आई : कोण? कोण ओरडतंय?

मुलगी : आई! मी! या दाराच्या मागं! खाली वाक, फटीतून बोल!

आई : तू तिथं काय करतेस? शाळेबरोबर आली होतीस ना? बरं तर बरं, धागा तुटला म्हणून मशीन थांबवली, नाहीतर ऐकूही आलं नसतं.

मुलगी : बाबाही आहेत. आम्ही अडकलो. दार लोट ना.

आई : लोटू कशी? आत्ताच हातगाडीवाल्यानं कापडाचे तागे आणून रचले इथं. माझ्या छातीपर्यंत ढीग आहे. मला एकटीला एक तागा हलायचा नाही.

बाबा : दाराला तागे लावले? मी आत येताना जागा मोकळी केली होती!

आई : मोकळी केलीत म्हणूनच. इथं हातभर जागा रिकामी दिसली की तिच्यावर माल पडतो. अहो, पण तुम्ही खालच्या दारानं बाहेर जा की. तिथं ती तुमची पेटी आहे ना, काचेची?

मुलगी : चावी लागत नाही, आई.

आई : कोणती चावी?

मुलगी : पेटीतली. जुन्या कुलपाची आहे. कुलूप बदललं, चावी बदलली नाही.

आई : ...अहो?

बाबा : हो.

आई : कधीपासून?

बाबा : मागच्या उन्हाळ्यापासून.

आई : थांबा. मी सुपरवायझरबाईंना बोलावते, त्या माणसं देतील.

बाबा : नको! अगं नको, कुणाला सांगू नकोस. आज प्रशिक्षणाचा दिवस. मॅनेजरसाहेब शाळेच्या बाईंसमोर माझं कौतुक करतायत. आणि मीच माझ्या जिन्यात अडकलो? हसं होईल. उद्या तपासणीवाले येणार आहेत. कानावर गेलं तर संपलंच.

आई : मग काय करता? आत अंडी घालता?

बाबा : जेवणाची सुट्टी किती वाजता होते?

आई : एक वाजता. आता बारा पस्तीस.

बाबा : पंचवीस मिनिटं. सुट्टी झाली की तुझ्या दोघी-तिघींना घे, तागे सरकवा. आम्ही गुपचूप बाहेर येतो. बस.

मुलगी : बाबा, एका आवाजाचं काम आहे! आईनं हाक मारली की झालं. तुम्ही आम्हाला काय शिकवलंत? लाजू नका, लपवू नका, पहिल्यांदा ओरडून सांगा.

बाबा : ते आगीबद्दल.

मुलगी : मग आग लागेपर्यंत थांबायचं?

आई : ए, खालच्या आवाजात. सुपरवायझरबाई बघतात. मी दोन शर्ट करून येते, नाहीतर माझ्यापुढं ढीग साचेल. गरम होतंय का गं तिथं?

मुलगी : भट्टी आहे. वर तेवढा एक झरोका, तोही जाळ्यांनी भरलाय.

आई : पदरानं वारा घे... तुझा गणवेश आहे. वहीनं घे. आले.

मुलगी : बाबा, तहान लागली.

बाबा : त्या कोपऱ्यातल्या बाटलीत काय आहे कोण जाणे, हात लावू नकोस. खाली बस. धूर नाही, काही नाही, नुसतं बसायचं आहे. पंचवीस मिनिटं म्हणजे एक तास सुद्धा नाही. शाळेत बसतेस ना?

मुलगी : शाळेत खिडकी असते. तुमच्या खिशातून तो कागद कसला डोकावतोय?

बाबा : आजचा तक्ता. दोन वाजेपर्यंत मॅनेजरसाहेबांना द्यायचाय, उद्याच्या तपासणीच्या फायलीत लागणार. अगं, ओढतेस काय!

मुलगी : वाचते फक्त. "मागचा मार्ग मोकळा. बरोबर. पेटीतील चावी जागेवर. बरोबर. दोन्ही मार्गांनी सराव घेतला. बरोबर. वेळ तीन मिनिटे. बरोबर." बाबा, तारीख आजची आहे.

बाबा : हो.

मुलगी : हे कधी भरलंत?

बाबा : सकाळी. चहा पिताना.

मुलगी : आमचं प्रशिक्षण साडेअकराला सुरू झालं.

बाबा : दर वेळी तेच असतं गं. सगळे तसंच करतात. मागचा कागद समोर ठेवायचा आणि उतरवून काढायचा.

मुलगी : माझी गणिताची वही अशी सापडली होती तेव्हा तुम्ही मला अर्धा तास दारात उभं केलं होतं.

बाबा : आठवतंय.

आई : आले गं. आहात ना जाग्यावर?

मुलगी : नाही, फिरायला गेलो होतो. आई, एक सांग. सरावाच्या वेळी तुम्ही सगळ्या किती वेळात खाली पोचता?

बाबा : तिला कामाला जाऊ दे.

आई : सरावाला? मागच्या वेळी अकरा मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं.

मुलगी : अकरा? एवढा वेळ काय करता?

आई : रांग लागते ना! एकेकीनं कार्ड पंच करायचं, मग उतरायचं.

मुलगी : आग लागल्यावर कार्ड पंच करायचं?

आई : न करून कसं चालेल? न पंच करता बाहेर गेलं की अर्धी हजेरी जाते. मग खाली पिशव्या उघडून दाखवायच्या. आणि कात्री मोजून पेटीत टाकायची, ते सांगायचं राहिलंच. मागच्या वेळी माझी कात्री वर राहिली, तर मी परत जिना चढून आणली.

मुलगी : बाबा, तुम्ही तीन मिनिटं म्हणालात. बेचाळीस मुलांनी वहीत उतरवून घेतलंय ते!

बाबा : तीन मिनिटांत पहिली बाई मैदानात येते. तेव्हा मी घड्याळ बंद करतो.

मुलगी : पहिली आली की?

बाबा : ती आली, म्हणजे बाकीच्या तिच्या मागंच असतात.

मुलगी : आई कितवी असते?

बाबा : तिलाच विचार.

मुलगी : आई, तू कितवी असतेस?

आई : मी शेवटून दुसरी-तिसरी. माझी मशीन या टोकाला, पुढच्या जिन्यापासून सगळ्यात लांब. चल, असू दे आता. त्यांना कशाला टोचतेस? ते एकटे काय काय करणार?

मुलगी : मग तू तिकडची मशीन का मागत नाहीस, पुढच्या जिन्याजवळची?

आई : पूर्वी तिकडंच होते मी. तुझ्या बाबांनीच मॅनेजरसाहेबांच्या मागं लागून इथं बदली करून घेतली. म्हणाले, या दाराशी बस, काही झालं तर तू नऊ पावलांवर आहेस. तेव्हापासून किती जणींनी मागितली ही जागा! मी कुणाला दिली नाही. दुपारी ऊन येतं इथं, मान भाजते, तरी नाही दिली. अहो, ऐकताय ना?

बाबा : ऐकतोय.

आई : बोटाला काय झालं, ही म्हणत होती?

मुलगी : मी कुठं म्हणाले?

आई : ताग्यांच्या फटीतून दाराखाली लाल डाग दिसतोय, आंधळी नाही मी. हाताला फडकं बांधा.

बाबा : बांधतो. तू जा. बाई ओरडतील.

आई : ओरडू देत. अहो, मला एवढंच सांगा. मी इथं बसले होते, तेव्हा तुम्हाला खरंच वाटायचं ना, की हे दार उघडतं?

बाबा : त्या एका चावीच्या जिवावर मला झोप लागायची.

आई : मग झालं. चूक झाली. जाणूनबुजून केलं नाहीत. मी शर्ट करून येते.

मुलगी : आई गेली. बाबा, रडताय?

बाबा : धूळ आहे.

मुलगी : हो. मलाही तीच धूळ लागतेय. बाबा, हा कागद बदला ना. खरं लिहा. चावी लागत नाही. दाराला तागे. भोंग्याची वायर काढलेली. अकरा मिनिटं. तेवढं लिहायला अर्धं पानही लागणार नाही.

बाबा : आणि मग? तपासणीवाले वाचणार. म्हणणार, शिलाई बंद करा, जिना नीट करा, मग बघू. ऑर्डर दुसरीकडं जाणार. एकशे चाळीस घरी. त्यात तुझी आई. त्यात मी. रस्त्यात भेटतील त्या बायका, तेव्हा काय म्हणतील? यानं एक ओळ लिहिली आणि आमची चूल विझवली. ती आग विझवायची कुठलीही नळी नाही माझ्याकडं.

मुलगी : आणि नाही लिहिलं तर?

बाबा : संध्याकाळी जाऊन चावी बदलतो, गुपचूप. उद्या तागे हलवतो. हळूहळू एकेक करतो.

मुलगी : परवा तागे पुन्हा येतील. तुम्हीच म्हणालात, पाठ वळली की.

बाबा : मग मी काय करू, सांग ना! तू मोठी झालीस ना आता? बेचाळीस जणांत उठून विचारतेस! मग उत्तरही तूच दे. मी लिहिलं तर दार बंद, नाही लिहिलं तरी दार बंद. या जिन्यासारखंच आहे. खालून कुलूप, वरून तागे. मी बारा वर्षं मधल्या पायरीवर बसलोय. आज तुला घेऊन बसलो, एवढाच फरक.

मुलगी : विचारताना मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, हो, पडलोय की बाहेर, कितीदा! मग सगळे हसतील आणि मी खिडकीत बसेन.

बाबा : मलाही वाटलं होतं तुला नेऊन दाखवावं. म्हटलं, पोरगी बघेल बापाची पेटी.

मुलगी : पेटी छान आहे, बाबा. खरंच. फक्त कुणीतरी एकदा चावी लावून बघायला हवी होती.

बाबा : हं.

मुलगी : शिक्षा म्हणून नाही म्हणत. गणितात नाही का, उत्तर आलं की उलटं मांडून बघायचं. तुम्हीच शिकवलंत ते. ताळा.

बाबा : आज तू माझं सगळं मलाच शिकवतेस.

आई : झाली सुट्टी! ऐकलंत ना? मशिनी थांबल्या. मी या चौघींना आणलंय. घ्या गं, त्या टोकाला धर, मी इकडून. हं, अजून एक. कुणाला काही सांगायचं नाही हं बायांनो, हिची शाळेची गंमत चालली होती. सरकलं. लोटते दार. मागे व्हा... आई गं! केवढी घामाघूम झालीस! ये, ये बाहेर. डबा उघडते, पाणी पी आधी.

मुलगी : पाणी दे इकडं.

आई : इकडं ये की. तिथं काय उभी राहिलीस? अहो, तुम्ही तरी या. बोट दाखवा.

बाबा : आलो. तू हिला जेवायला घाल. मी शाळेच्या बाईंना सांगतो, पोरगी आमच्याबरोबर जेवतेय. मग तेवढा कागद देऊन येतो.

मुलगी : बाबा, कागद माझ्याकडं आहे. हा घ्या. चुरगळला थोडा, फाडलेला नाही. त्यावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही.

बाबा : शहाणी आहेस. चल मग.

मुलगी : तुम्ही जा.

आई : म्हणजे? हट्ट करायची वेळ आहे का ही? या सगळ्या बघतायत. अर्ध्या तासात पुन्हा मशिनी सुरू होतील, तागे परत इथं येतील.

मुलगी : येऊ देत. त्यांना सांग, पलीकडं एक मुलगी बसलीये, मग काय ते रचा.

बाबा : बाई विचारतील, बस निघायची वेळ होईल. मी काय सांगू त्यांना?

मुलगी : जिन्यात आहे म्हणून सांगा. खोटं नाही ते.

आई : अगं पण का?

मुलगी : बाबांनी बेचाळीस जणांसमोर सांगितलंय ना, या जिन्यानं उतरायचं आणि बाहेर पडायचं. अर्धं झालंय, उतरून झालंय. आई, बाबा, मी ठरवलंय. मी या दारानं परत येणार नाही. खालचं दार उघडलं की त्या दारानं बाहेर पडेन. तुम्ही जेवून घ्या. मी खालच्या पायरीवर बसते, काचा तेवढ्या बाजूला करून.